फोल्समची तबकडी, येरवड्याची पाणीपुरी

महाराष्ट्रातल्या तुरुंगांच्या कँटीनमध्ये आता पाणीपुरी आणि आइस्क्रीमही मिळणार, ही बातमी मध्यंतरी आली तेव्हा आमच्या शाळेच्या ग्रुपवर दुसरा विषयच नव्हता. "आपण टॅक्स भरायचा आणि ह्यांनी पुऱ्या फोडायच्या." "चला, कोणाला तरी हाणू आणि आत जाऊन बसू, निदान खायचे तरी वांधे नाहीत." कँटीनमधला माल कैदी स्वतःच्या खात्यातल्या पैशांतून घेतात, म्हणजे घरून आलेल्या मनिऑर्डरीतून किंवा आत केलेल्या कामाच्या मजुरीतून, आणि त्या खर्चालाही मर्यादा असते, हे एकीने सांगून पाहिलं. तिला कोणी विचारलं नाही. मग मोर्चा माझ्याकडे वळला. "तुमच्याकडे अमेरिकेत चालतात का गं असले लाड?"

हा प्रश्न मला विचारण्याला अर्थ आहे, कारण मी राहते ते गाव तुरुंगाचं म्हणूनच जगाला माहीत आहे. फोल्सम, कॅलिफोर्निया. सॅक्रामेंटोपासून पस्तीस-एक किलोमीटर. आज इथे इंटेलचा मोठा कँपस आहे, त्यामुळे शनिवारी किराणा दुकानात तेलुगू, तमिळ, मराठी सगळं कानावर पडतं. कोथिंबिरीची जुडी निवडताना पुण्याची ओळख निघते. पण 1880 पासून इथे आहे तो ग्रॅनाइटच्या भिंतींचा तुरुंग. तो दगडही कैद्यांनीच फोडलेला. आणि माझं माहेर विश्रांतवाडीचं. रिक्षावाल्याला "येरवड्याच्या पुढे" असं सांगितलं की तो आरशातून एकदा बघायचा, कारण पुण्यात येरवडा म्हणजे एकतर तुरुंग नाहीतर वेड्यांचं इस्पितळ. थोडक्यात, दोन्ही गावांत माझा पत्ता तुरुंगावरूनच सांगितला जातो.

फोल्समला प्रसिद्धी दिली ती अमेरिकी कंट्री गायक जॉनी कॅशने. 13 जानेवारी 1968 रोजी तो या तुरुंगाच्या भोजनगृहात कैद्यांसमोर गायला, सकाळी एकदा आणि दुपारी पुन्हा एकदा, आणि त्याच वर्षी मे महिन्यात कोलंबिया कंपनीने त्याची एलपी काढली, 'अॅट फोल्सम प्रिझन'. कंट्री संगीताच्या प्रत्यक्ष मैफलींच्या रेकॉर्डमध्ये हिच्याइतकी नावाजलेली दुसरी सापडणं कठीण. माझी प्रत जुन्या वस्तूंच्या दुकानातली आहे. कव्हरचे कोपरे झिजलेत, कोणीतरी मागे शाईने आपलं नाव लिहून ठेवलंय. पुढे जिम मार्शलने टिपलेला कॅशचा घामेजलेला चेहरा. मागे कॅशच्याच हस्ताक्षरात तुरुंगातल्या दिवसांबद्दलचा मजकूर, ज्याला पुढे ग्रॅमीही मिळालं.

ही रेकॉर्ड तबकडीवरच ऐकायला हवी असं मी म्हणते ते जुन्या वस्तूंच्या प्रेमापोटी नाही. फोनवर आपण आवडतं गाणं निवडतो आणि उरलेलं सोडून देतो. इथे एक बाजू लावली की ती संपेपर्यंत तुम्ही त्या भोजनगृहात बसलेले असता. गाण्यांच्या मधलं सगळं ऐकावं लागतं. कॅश पाणी पितो आणि पाण्याला नावं ठेवतो. खाणकामगारांच्या त्या गंभीर गाण्यात कोणीतरी खिदळतं, तो स्वतःही हसतो आणि वर दटावतो, की रेकॉर्डिंग चालू आहे. मध्येच ध्वनिक्षेपकावर कैद्यांची नावनंबरांनी पुकारणी होते. कोणाला तरी बोलावणं आलेलं असतं, त्याच्यापुरती मैफल संपली. तो कोण, का बोलावलं, काही कळत नाही. गाणं पुढे सुरू होतं.

पहिल्या बाजूवर 'ट्वेंटी फाइव्ह मिनिट्स टू गो' आहे. फाशीला पंचवीस मिनिटं उरलेल्या माणसाचं गाणं, मिनिटामिनिटाने उलटी मोजणी करत जाणारं. शेल सिल्व्हरस्टीनने लिहिलेलं आणि चक्क विनोदी. याच तुरुंगात 1895 ते 1937 या काळात 93 जणांना फासावर चढवलं होतं. त्या भिंतींच्या आत, जन्मठेपवाल्यांसमोर, फासाचं हे गाणं, आणि लोक खदखदून हसताहेत. पहिल्यांदा ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता. आता मीही हसते, कारण ते हसणं खरं आहे हे ऐकू येतं.

खोटं आहे ते हसणं नव्हे, दाद. त्यासाठी रेकॉर्डच्या सुरुवातीला जावं लागेल.

सुई टेकली की कॅश आपलं नाव सांगतो, आणि मग एकदम गर्जना उठते. थरारक क्षण आहे. पण निवेदक ह्यू चेरीने कैद्यांना आधीच बजावून ठेवलं होतं की तो नाव सांगेपर्यंत कोणी हूं की चूं करायचं नाही, त्यानंतरच काय तो आवाज. म्हणजे स्वागत मनापासूनचं, पण वेळ बसवलेली. लगेच 'फोल्सम प्रिझन ब्लूज' सुरू होतं. हे गाणं कॅशने अमेरिकी हवाई दलात जर्मनीत असताना, या तुरुंगावरचा एक सिनेमा पाहून लिहिलं होतं. चाल आणि बरेचसे शब्द गॉर्डन जेंकिन्सच्या जुन्या गाण्यावरून उचलले होते, त्याची भरपाई कॅशला पुढे मोजावी लागली. (कॅश स्वतः कधी शिक्षा भोगायला तुरुंगात गेला नव्हता. एखाददुसरी रात्र कोठडीत, एवढंच. गंमत म्हणजे गाण्यातला कैदी सांगतो की मी रीनोमध्ये एकाला गोळी घातली, नुसता तो मरताना बघायला. रीनो आहे नेवाडा राज्यात. मग हा कॅलिफोर्नियाच्या तुरुंगात कसा? इथले वकील पार्टीत हा प्रश्न हमखास काढतात.)

तर त्या गोळीच्या ओळीवर रेकॉर्डमध्ये एक रानटी आरोळी उठते. खुनाला दाद. वर्षानुवर्षं लोकांनी ती ऐकून मान डोलावली, की बघा, हे असे असतात. प्रत्यक्षात ती आरोळी तिथे नव्हती. निर्माता बॉब जॉन्स्टनच्या हाताखाली रेकॉर्ड तयार होताना ती नंतर चिकटवली गेली. कॅशवर अभ्यास करणाऱ्यांनी मूळ टेप तपासून हे दाखवून दिलंय. कैदी उलट जपून होते. तुरुंगाविरुद्ध काही आलं की दाद देताना हात आखडता घेत होते, कारण मैफल संपल्यावर पाहुणे आपापल्या घरी जाणार होते आणि पहारेकरी तिथेच राहणार होते.

मला या रेकॉर्डमधली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. खून ऐकून चेकाळणारा कैदी आम्हा बाहेरच्यांना हवा होता. तो भोजनगृहात मिळाला नाही, म्हणून स्टुडिओत तयार केला.

आता घरचं. सप्टेंबर 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत, पोलिसांच्या गोळीने मेला. गुन्हा भयानक होता. त्या मुलींच्या आयांचं काय झालं असेल, या विचाराने इथे आम्हा बायकांनाही झोप लागली नव्हती. पण खटला उभा राहायचा होता. आरोपी मेला त्या रात्री बदलापुरात मिठाई वाटली गेली, फटाके वाजले, मुंबईत 'बदला पुरा' असे फलक झळकले. आमच्या ग्रुपवर अंगठ्यांचा आणि झेंड्यांचा पाऊस. मुंबई उच्च न्यायालयाने प्रश्न विचारले, दंडाधिकारी चौकशीचा अहवाल पोलिसांच्या विरोधात गेला, तोवर ग्रुप सहलीच्या फोटोंवर पोचला होता. फोल्समची आरोळी निदान चिकटवलेली होती. ही आमची होती, अस्सल, आणि ती देणारे कोणी अट्टल गुन्हेगार नव्हते. बँकेत, शाळेत, आयटीत काम करणारी, चतुर्थी पाळणारी माणसं होती.

ग्रुपवर हे लिहिलं तर उत्तर ठरलेलं. "तू तिथे सुरक्षित बसून बोलतेस." ते मला मान्य आहे. पोर्श गाडीखाली कल्याणीनगरात दोन तरुण मेल्यावर अल्पवयीन चालकाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं गेलं, हे 2024 सालीच घडलं. ज्याच्याकडे पैसा तो सुटतो हे रोज बघणाऱ्याने न्यायालयावर विश्वास ठेवावा कसा, या प्रश्नाला माझ्याकडे साडेतेरा हजार किलोमीटरवरून देण्यासारखं उत्तर नाही. माझं म्हणणं इतकंच की त्या रागाचं बिल दरवेळी भलत्याच माणसाला जातं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकडेवारीनुसार भारतातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तीन कच्चे कैदी आहेत. गुन्हा सिद्ध झालेला नाही, तारखा पडताहेत. पाणीपुरीवरून आपण ज्यांना शिव्या घातल्या त्यांतले बहुसंख्य हे.

राहिला प्रश्न अमेरिकेचा. "तिथे कायदा कडक असतो" असं घरी फार प्रेमाने म्हटलं जातं. कडक आहेच. कॅशने ही रेकॉर्ड केली तेव्हा राज्यांच्या आणि संघराज्याच्या तुरुंगांत मिळून दोन लाखांहून कमी माणसं होती. 2009 च्या आसपास हा आकडा सोळा लाखांवर गेला, स्थानिक जेल वेगळी. रेकॉर्ड घराघरांत वाजत होती आणि तुरुंग भरत होते, दोन्ही एकाच वेळी. कॅश 1972 मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे तुरुंग सुधारणांबद्दल साक्ष द्यायला गेला, राष्ट्राध्यक्ष निक्सनना भेटला. ऐकून घेतलं सगळ्यांनी. कॅलिफोर्नियाने 1994 मध्ये तिसऱ्या गुन्ह्याला जन्मठेपेपर्यंत नेणारा कायदा केला. शेवटी इतकी गर्दी झाली की 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या राज्याला सांगावं लागलं, कैदी कमी करा, मूळ क्षमतेच्या 137.5 टक्क्यांवर आणा. सव्वापटीहून जास्त गर्दी चालेल, हा दिलासा! येरवड्याच्या बराकीत दाटीवाटीने झोपणाऱ्याला यात अमेरिका कुठे दिसेल ते मला ठाऊक नाही.

आणि लाडांचं म्हणाल तर माझ्या गाडीची नंबर प्लेट बघा. कॅलिफोर्नियातल्या सगळ्या गाड्यांच्या पाट्या फोल्समच्या तुरुंगात कैदी बनवतात. अॅल्युमिनियमचा पत्रा, वर ठोकून उठवलेले आकडे. धुताना बोटाला लागतात. मजुरी तासाला एका डॉलरच्या आतबाहेर, बहुतेकदा आत. अमेरिकी राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपवली, पण शिक्षा म्हणून करून घेतलेली सक्तीची मजुरी तेवढी वगळली. ही पळवाट निदान आपल्या राज्यापुरती बुजवावी का, असा प्रश्न नोव्हेंबर 2024 च्या मतपत्रिकेवर होता, प्रस्ताव क्रमांक सहा. कॅलिफोर्निया म्हणजे अमेरिकेतलं पुरोगामी राज्य, निदान सगळे तसं म्हणतात. प्रस्ताव पडला. त्याच मतपत्रिकेवर चोरी आणि अमली पदार्थांच्या शिक्षा वाढवणारा छत्तीस क्रमांकाचा प्रस्ताव होता, तो दणदणीत मतांनी पास झाला. माझी लेक पहिल्यांदाच मत देत होती. स्वयंपाकघराच्या ओट्यावर मतदारांसाठीची जाडजूड पुस्तिका पसरून बसली आणि दोन्हींना 'हो' करून आली. कैद्याला सक्ती नको आणि चोराला जास्त दिवस आत टाका. ती कॉलेजच्या सुट्टीत ज्या दुकानात काम करते तिथून लोक डिटर्जंटच्या बाटल्या उचलून सरळ चालते होतात. तिचा राग मला समजतो. ग्रुपवरच्या पुण्यातल्या मित्राचाही समजतो.

या गावाने आपल्या तुरुंगाचं आता शोभिवंत काहीतरी करून टाकलंय, तेही सांगायला हवं. जॉनी कॅशच्या नावाची सायकलवाट आहे. तिच्यावरच्या पुलाचे मनोरे तुरुंगाच्या दरवाजासारखे बांधलेत. रविवारी पोरं हेल्मेट घालून तिथून जातात. पाहुणे आले की आम्हीही नेतो, फोटो काढतो. 2021 च्या प्रजासत्ताकदिनी येरवड्यात तुरुंग पर्यटन सुरू झालं तेव्हा ग्रुपवर काही जण खवळले होते. मला त्यात वावगं वाटलं नाही, फक्त गांधींची खोली आणि पुणे कराराचं झाड बघून परत येणाऱ्याला मुलाखतीच्या रांगेतल्या बायकाही दिसल्या पाहिजेत. मला त्या लहानपणापासून आठवतात, उन्हात पिशवी सावरत उभ्या, कडेवर पोर. महाराष्ट्राच्या कारागृह विभागाचा 'गळाभेट' नावाचा उपक्रम आहे. ठरलेल्या दिवशी कैद्यांच्या मुलांना जाळीच्या आत सोडतात, आईबापाला मिठी मारता येते. अमेरिकेतल्या कित्येक काउंटी जेलांत आता भेट म्हणजे पडद्यावर, व्हिडिओवर. "लाड" या मथळ्याखाली गळाभेटही मोडत असेल तर मी लाडांच्या बाजूची.

आपल्याकडे हे काही परदेशातून आणावं लागलेलं नाही. औंध संस्थानाने 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत काढली, भिंतीविना. त्यावरूनच शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' झाला, कथा गदिमांची. त्यातली प्रार्थना 'ऐ मालिक तेरे बंदे हम' आमच्या ग्रुपवर दर चार दिवसांनी सूर्योदयाच्या चित्रासह सुप्रभात म्हणून येते. सिनेमात ती खुनी कैद्यांसाठी आहे, हे पाठवणाऱ्यांच्या लक्षात असतं का, देव जाणे. उलट, घरचंही सगळं सोवळं नाही. झाडलोट खालच्या जातीच्या कैद्याकडे आणि स्वयंपाक वरच्या जातीच्या कैद्याकडे, असं लिहून ठेवणारे कारागृह नियम रद्द करायला आपल्या सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर 2024 उजाडावा लागला. त्या विषयावर ग्रुपवर एक अक्षर आलं नाही. त्यात पाणीपुरी नव्हती.

तबकडीची दुसरी बाजू संपते 'ग्रेस्टोन चॅपेल'ने. हे गाणं ग्लेन शर्ली नावाच्या कैद्याचं, सशस्त्र दरोड्यासाठी आत असलेल्या. तुरुंगात येणाऱ्या एका पाद्र्याने त्याची टेप आदल्या दिवशी कॅशपर्यंत पोचवली. कॅशने रातोरात गाणं बसवलं आणि पहिल्या रांगेत बसलेल्या शर्लीला न सांगता ते गायला. तिथला जल्लोष ऐका. त्यात काही चिकटवलेलं असण्याची गरज नाही. 1971 मध्ये शर्ली सुटला, कॅश स्वतः दारावर घ्यायला गेला, आपल्या संचात घेतलं, सिनेटपुढे सोबत नेलं. बाहेरचं जग शर्लीला पेललं नाही. तो भांडकुदळ झाला, कॅशला त्याला संचातून काढावं लागलं आणि 1978 मध्ये शर्लीने स्वतःला गोळी घालून घेतली. अंत्यसंस्काराचा खर्च कॅशने केला. हे मी ग्रुपवर सांगितलं तेव्हा पुण्यातल्या मित्राचं उत्तर तयार होतं. "बघ. सुधारतात का ते?"

हा मित्र म्हणजे पाणीपुरीवरून पहिला भडकलेला. बदलापूरच्या रात्री सगळ्यांत जास्त झेंडे त्याचे. पण त्याच्याबद्दल एक गोष्ट त्याच्या बायकोकडून कळली. त्यांच्या सोसायटीच्या वॉचमनचा मुलगा मारामारीच्या केसमध्ये येरवड्यात होता. जामीन मंजूर झाला होता, तरी पोरगा आतच, कारण जामीनदार मिळेना. पुण्यात ना कोणी नातेवाईक ना कोणाच्या नावावर घर. वॉचमन प्रत्येक फ्लॅटची बेल वाजवत फिरला. शेवटी हा उठला. ऑफिसला दांडी मारून घरपट्टीची पावती, सोसायटीचा शेअर दाखला, आधार कार्ड, सगळ्याच्या झेरॉक्स घेऊन शिवाजीनगर कोर्टात जाऊन उभा राहिला. दुपारी शिक्का मारणारा कारकून जेवायला गेला म्हणून चहाच्या टपरीवर बसला, पुन्हा रांगेत लागला, सही करून आला. पोरगा रात्री सुटला. आता तारखांना मुलगा हजर राहतो की नाही हे बघायला हा स्वतःच फोन करतो, गैरहजर राहिला तर जामिनाची रक्कम याच्या अंगावर.

मी त्याला फोनवर छेडलं, की अरे, तुझं ग्रुपवरचं बोलणं एक आणि हे एक. तर म्हणाला, "तो वेगळा. तो पोरगा माझ्या ओळखीचा आहे." मी म्हटलं, सगळेच कोणाच्या तरी ओळखीचे असतात रे. तो म्हणाला, "तू आता परत रेकॉर्ड सांगू नकोस."

पुढची तारीख महिनाअखेरीस आहे. त्या दिवशी तो अर्धी रजा टाकून पोराला गाडीवर बसवून कोर्टात नेणार आहे, कारण मागच्या वेळी पोरगा बस चुकली म्हणून उशिरा पोचला होता. ग्रुपवर मात्र हे त्याने कोणाला कळू दिलेलं नाही. तिथे त्याचं अजून पाणीपुरीवरच चालू आहे.